झाड वसरीत होतं की मागच्या खोलीत?

‘सप्रेम नमस्कार. माझं माहेर गोव्यातल्या डिचोलीचं. बाबा मराठी शाळेत शिक्षक, आई हळदोण्याची, ख्रिश्चन. आमच्या घरी चवथही व्हायची आणि नाताळही. बाबांची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची चौकट, बघायला वाड्यावरची माणसं यायची. डिसेंबरात सुरूची फांदी आणून तुपाच्या मोठ्या डब्यात वाळू भरून उभी करायचो. मामा बोटीवर होता. त्याने आणलेले काचेचे गोळे, काचेची चिमणी, चांदीच्या झिरमिळ्या हे सगळं आईने एका पत्र्याच्या ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळून जपलं होतं. बाबा दोरी ओढून फांदी सरळ बांधायचे आणि शेवटी मला उचलून घ्यायचे, मग मी टोकावर स्टार लावायचे. माझ्या लहानपणातली ही सगळ्यात लख्ख आठवण.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. आई यंदा मार्चमध्ये गेली. मी पर्वरीला फ्लॅटमध्ये राहते. दादाला म्हटलं, ट्रंक मला दे, माझ्या आठ वर्षांच्या मुलीसाठी मी यंदा अगदी तसंच झाड करते. दादा म्हणाला, “आईचं वर्ष झालेलं नाही, सण कसला करतेस? आणि तू सांगतेस तसं काही नव्हतंच. बाबांनी त्या झाडाला कधी हात लावला नाही. झाड मागच्या खोलीत असायचं, दार ओढून घेतलेलं. तुला उचलायचो तो मी.” दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आजी गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, त्याआधीचं मला काहीच आठवत नाही. पण झाड वसरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, होतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय! दादा असंही म्हणाला, की झाड हे आपलं नाही आणि आईचंही नाही, गोऱ्या लोकांची फॅशन आहे ती. वहिनी म्हणते, घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीसाठी मालमत्तेची यादी, चालूच आहे तर ट्रंकही निम्मी-निम्मी करा. आणि मुलीला हवंय ऑनलाइन मिळणारं, सोनेरी गोळ्यांचं झाड. यंदा झाड करू की नको? आणि आमच्यातलं खरं कोण बोलतंय?’

पर्वरीहून एक वाचक

झाड कर. तू शेवटी विचारलेलं आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं सावकाश बोलता येईल. वयाने मी बरीच मोठी असेन, म्हणून तुला अगं-तुगं करते. झाड कर, पण आईच्या वेळचं झाड जसंच्या तसं उभं करायचा हट्ट सोड. त्या हट्टापायीच दादाशी वाजलंय.

आधी तुम्हा बहीणभावंडांचं. माझ्या मते तुम्ही दोघंही खरं बोलताय, आणि हे मी दोघांचं मन राखायला म्हणत नाही. तुझ्याच पत्रात त्याचा माग आहे. आजी गेली तेव्हा तू चार वर्षांची, म्हणजे दादा अकराचा. माणसाला स्वतःच्या लहानपणातलं पहिलंवहिलं जे आठवतं ते साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपासचं असतं. त्याआधीचं बहुतेकांचं पुसलं जातं, हे मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ तपासून पाहिलेलं आहे. आजी असतानाच्या घरात तूही होतीस, पण ते घर तुझ्याजवळ उरलेलं नाही. दादाचं सगळं कळतं लहानपण मात्र त्याच घरात गेलं.

आता ते घर डोळ्यांसमोर आण. मास्तरांनी ख्रिश्चन मुलीशी लग्न केलेलं. गोव्यात असं लग्न नोंदवायला कायद्याची आडकाठी नव्हती, पोर्तुगीज काळापासून इथे सगळ्या धर्मांना एकच नागरी कायदा. पण रजिस्टरवर सही झाली तरी संसार सासूच्या स्वयंपाकघरात मांडायचा होता. आजी कशी होती ते तू लिहिलेलं नाहीस, आणि तुला ते ठाऊक असायचं कारणही नाही. देवघर असलेल्या घराच्या वसरीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर सुनेचं नाताळचं झाड उभं राहणं तिला रुचलं नसेल तर नवल नाही. मग झाड मागच्या खोलीत जातं, दार ओढलेलं राहतं, आणि आई नि बायको यांच्या मध्ये सापडलेला माणूस त्या खोलीत पाऊल टाकत नाही. दादाने हे बाबा पाहिले. पुढे आजी गेली, तिचं वर्ष सरलं, कुठल्याशा डिसेंबरात झाड पुढे आलं आणि बाबांनी त्याला दोरी लावली. तू हे बाबा पाहिलेस. माटोळीला केवणीच्या सालीच्या दोराने नारळ, तोरिंगण म्हणजे पपनस, सुपारीची घोसं बांधणाऱ्या हातांना सुरूची वाकडी फांदी सरळ करायला कितीसा वेळ लागणार!

हा माझा तर्क आहे. दादाशी बोलल्याशिवाय तो पक्का धरू नकोस. पण एवढं नक्की, की सात वर्षांच्या अंतराने जन्मलेली भावंडं एका पत्त्यावर वाढली तरी एका घरात वाढतातच असं नाही. आईबाप मधल्या काळात बदलतात. थोरल्याने त्यांची ओढाताण पाहिलेली असते, धाकटीच्या वाट्याला निवळल्यानंतरचे दिवस येतात. मग मोठेपणी थोरला काही सांगायला गेला की धाकटीला वाटतं, हा माझं लहानपण खोटं ठरवतोय. आणि धाकटी काही सांगायला लागली की थोरल्याला वाटतं, आपण जे सोसलं ते हिच्या लेखी घडलंच नाही.

राहिला प्रश्न उचलून घेणाऱ्या हातांचा. तिथे तुला जरा नमतं घ्यावं लागेल. आठवण ही दर वेळी काढताना थोडी नव्याने रचली जाते. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली हे मांडलं: लोकांना एक अनोळखी गोष्ट वाचायला देऊन काही काळाने पुन्हा पुन्हा सांगायला लावली, तेव्हा ज्याने त्याने आपल्याला उमजेल, रुचेल अशी ती नकळत बदलली. त्यानंतरच्या संशोधनानेही तेच दाखवलंय. लख्ख दिसणं हा खरेपणाचा पुरावा होत नाही. तुला काही वर्षं दादाने उचललं असेल, काही वर्षं बाबांनी. पुढे बाबा गेले, त्यांची ओढ वाढत गेली, आणि सगळ्या डिसेंबरांत मिळून उचलणारे हात एकच उरले असतील. असं झालं असेल तर त्यात लबाडी नाही, तुझ्या ठिकाणी कुणाचंही झालं असतं.

पण दादाचं ते वाक्य पुन्हा वाच. ‘तुला उचलायचो तो मी.’ तुला त्यात खोडा घातल्यासारखं ऐकू आलं. मला ते एका अकरा-बारा वर्षांच्या मुलाचं म्हणणं वाटतं. दार ओढलेल्या खोलीत आई एकटी झाड सजवतेय, बाबा बाहेर आहेत, आणि जे बाबांनी करायला हवं ते हा पोरगा करतोय: वाळू आणतोय, फांदी धरून उभा राहतोय, धाकट्या बहिणीला वर उचलतोय. चाळीस वर्षांनी ती बहीण सांगते की हे सगळं बाबांनी केलं. त्याच्या घशाशी काय आलं असेल! त्याला तुझ्याकडून झाडाविषयीचा निकाल नको असणार. त्या खोलीत तो होता, एवढं तुझ्या तोंडून ऐकायचं असणार.

आता वर्षाचं. दादाचा हा मुद्दा खोटा नाही आणि तो उडवून लावू नकोस. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करायचे नाहीत हे आपल्याकडे पाळतात. गोव्यातल्या कित्येक ख्रिश्चन घरांतही त्या डिसेंबरात दारावर स्टार लागत नाही, नेवऱ्या-दोदोलसारखे गोड पदार्थ होत नाहीत, शेजारीपाजारीच ताट पाठवतात. आईच्या दोन्हीकडच्या माणसांना समजेल अशी ही रीत आहे. म्हणून डिचोलीच्या घरात यंदा काही करू नकोस, तिथे दादाचं ऐक. तुझ्या फ्लॅटमध्ये झाड आतल्या बाजूला ठेव. गॅलरीत स्टार नको, रोषणाई नको, पाहुण्यांना बोलावणं नको, गोडधोड नको. आईच्या हातच्या चार वस्तू आणि तुमची मुलगी, बस. हळदोण्याला सेंट थॉमस चर्चमध्ये आईच्या नावाने मिस्साची प्रार्थना सांग आणि दादाला त्याचा दिवस कळव. आठ वर्षांच्या मुलीला ‘आजी गेली म्हणून तिची कुठलीच वस्तू यंदा बाहेर काढायची नाही’ हे सांगणं मला योग्य वाटत नाही. ती आपल्या आजीचं दुःख हातांनीच काढणार. मोठ्यांसारखं बसून बोलणं त्या वयात जमत नाही.

‘गोऱ्यांची फॅशन’ हे दादा रागाच्या भरात बोलला असेल, पण त्यात अर्धं तथ्य आहे आणि ते तुला माहीत असलेलं बरं. कॅथलिक घरात जुना मान गोठ्याचा, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचा, क्रिबचा. संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ साली जिवंत बैल-गाढवासह गोठा मांडला, तेव्हापासून ती रीत पसरली असं मानतात. झाड जर्मन मुलखातलं. खुद्द पोर्तुगालमध्ये ते एकोणिसाव्या शतकात आलं, राणी मारिया दुसरी हिचा नवरा फर्नांदो जर्मन घराण्यातला होता, त्याने राजवाड्यात आपल्या मुलांसाठी ते सजवलं. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा नवरा अल्बर्ट हा त्याचा चुलतभाऊ. अल्बर्टच्या घरातल्या झाडाचं चित्र १८४८ साली लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलं आणि इंग्लंडभर झाडं उभी राहिली. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चौकात पहिलं झाड लागलं ते १९८२ साली, म्हणजे तुमच्या वसरीतलं झाड जवळजवळ तितकंच जुनं. गंमत अशी, की आपल्या किनाऱ्यावरचा सुरूसुद्धा बाहेरून आणून लावलेला. पण हळदोण्याहून डिचोलीला आलेल्या एका बाईने तुपाच्या डब्यात वाळू भरून ते झाड वर्षानुवर्षं उभं केलं, एवढ्याने ते तिचं झालं. दादालाही मनातून हे मान्य असणार, नाहीतर झाड कुठल्या खोलीत होतं हे त्याने इतकं लक्षात ठेवलं नसतं.

ट्रंकेबद्दल माझं मत ठाम आहे. ती इन्व्हेंटरीत घालू नका. घर, जमीन, बँकेतले पैसे यांच्या वाटण्या कायद्याने होतील, गोव्यात मुलगा आणि मुलगी दोघांचा हक्क सारखाच, त्याची काळजी नाही. पण बारा गोळे मोजून सहा-सहा केले तर दोन्हीकडे अर्धवट काहीतरी जाईल आणि कुणाचंच समाधान होणार नाही. त्यापेक्षा एका संध्याकाळी डिचोलीला जा, मुलीला घेऊन जा, आणि तिघं-चौघं मिळून ट्रंक उघडा. एकेक वस्तू हातात घ्यायची आणि तिच्याबद्दल ज्याला काही सांगता येईल त्याने सांगायचं. ज्याच्याजवळ सांगण्यासारखं असेल त्याने ती न्यावी. जिच्याबद्दल कुणालाच काही ठाऊक नाही ती ट्रंकेतच राहू द्या.

आणि पहिली वस्तू वहिनीला उचलायला सांग. तुझ्या पत्रात वहिनी फक्त वाटणीपुरती येते. पण आईची शेवटची वर्षं डिचोलीच्या घरात गेली असतील तर दर डिसेंबरात माळ्यावरून ट्रंक काढून देणारी, खाली बसून कागद सोडवणारी तीच असेल. तिला त्या झाडातलं तुझ्यापेक्षा अलीकडचं काहीतरी माहीत आहे. ‘निम्मी करा’ म्हणणाऱ्या माणसाला कधी कधी एवढंच हवं असतं, की मोजताना आपल्यालाही कुणीतरी मोजावं.

ट्रंक उघडलीत की कागद फेकू नका. झाड उतरवतात ते ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणानंतर. म्हणजे गोळ्यांभोवतीचे पेपर जानेवारीचे असणार, आणि मास्तरांच्या घरातले म्हणजे मराठीच, ‘गोमन्तक’ नाहीतर ‘नवप्रभा’. वरच्या थरातले अलीकडचे निघतील, आई दरवर्षी नवा कागद घेत असणार. पण तळाशी, फुटक्या किंवा न वापरलेल्या वस्तूंभोवती, जुना कागद बरेचदा तसाच राहून जातो. हात घालून तळ बघा. मथळ्याखालची तारीख वाचा आणि त्या साली कोण किती वर्षांचं होतं ते दोघं मिळून मोजा. आजी असतानाचा एखादा पेपर निघाला तर दादाच्या हातात दे आणि आपण गप्प बस, त्याला बोलू दे. जुने फोटो असतील तर तेही काढा. फोटोत झाडाकडे बघू नका, खालची जमीन नि मागची भिंत बघा. वसरी आणि मागची खोली तेवढ्यावरून ओळखू येईल. हा शोध दोघांनी एकत्र बसून करायचा आहे. एकटीने घरी नेऊन पुरावा गोळा करशील तर पुन्हा भांडशील.

काचेबद्दल थोडं. जुन्या गोळ्यांचा चकचकाट आतून असतो, मानेच्या भोकातून रुपेरी द्रव ओतून तो चढवलेला असतो, आणि रंग वरून. पाण्याने धुतलेस तर दोन्ही सुटतील. मऊ कोरड्या ब्रशने, जलरंगाचा रुंद ब्रश चालेल, नुसती धूळ झटकायची. चिमणीला पायाशी स्प्रिंगची क्लिप आणि मागे काचेच्या बारीक धाग्यांची शेपटी आहे का बघ. तशी असली तर ती जर्मन घडणीची असण्याचा संभव आहे. तिकडच्या लाउशा नावाच्या गावात एकोणिसाव्या शतकापासून घरोघरी काच फुंकून अशा वस्तू करत. बोटीवरच्या माणसांनी गोव्यात अशा कितीतरी वस्तू आणल्या. शेपटीला बोट लावू नकोस, धागे कातडीत मोडतात. चांदीच्या झिरमिळ्या हाताला जड आणि लुळ्या लागल्या तर त्या मुलीला देऊ नकोस, जुन्या झिरमिळ्यांत शिसं असे, अमेरिकेत त्या १९७२च्या सुमारास त्याच कारणाने बंद झाल्या. दिव्यांची जुनी माळ निघाली तर प्लगला लावायची नाही, तिच्या वायरीचं वेष्टण आता कडक होऊन तडकलेलं असेल. आणि परत ठेवताना वर्तमानपत्राऐवजी धुतलेलं जुनं सुती कापड वापर, कौलाखालच्या माळ्यापेक्षा कपाटात ठेव. आपल्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत काच घामेजते आणि आतली चांदी काळी पडते, तिथे सिलिका जेलच्या पुड्या टाक.

सुरूच्या फांदीसाठी मिरामार किंवा केरीच्या किनाऱ्यावर कोयता घेऊन कुणाला पाठवू नकोस. ती झाडं सरकारी लागवडीची आहेत, आणि झाडतोडीबाबत गोव्यात १९८४चा कायदा आहे. ओळखीत कुणाच्या भाटात, म्हणजे बागायतीत, सुरू असेल आणि ते छाटणी करणार असतील तर एक फांदी माग. ती डब्यातल्या वाळूत उभी कर आणि वाळू रोज ओली ठेव, नाहीतर आठवड्याभरात सुया गळायला लागतात. सुरूच्या बारीक डहाळ्या वजनाने खाली झुकतात, म्हणून काचेचे गोळे खोडाजवळ, आतल्या बाजूला, दोऱ्याने दोन वेढे देऊन बांधायचे आणि टोकांना फक्त कागदाच्या, कापसाच्या हलक्या वस्तू. तुझ्या आईला हे ठाऊक असणार, त्याशिवाय इतकी वर्षं काच टिकली नसती. फांदी नाहीच मिळाली तर नर्सरीत अराउकारिया हा सूचिपर्णी वृक्ष कुंडीत मिळतो. नाताळपुरता आत आणायचा, एरवी गॅलरीत उजेडात, आणि पुढची कित्येक वर्षं तोच चालतो.

मुलीच्या सोनेरी झाडावर इतकी चिडू नकोस. तिने डिचोलीची वसरी पाहिलेली आहे ती सुट्टीतली, तुझ्यासारखी राहून नाही. तिला तुझं लहानपण हवंच असं का असावं? तिच्या मैत्रिणींकडे सोनेरी गोळे आहेत, तिला सोनेरी हवेत. चार सोनेरी गोळे आणून दे. तेच दोरीने खोडाशी बांधायला लाव. शेजारी चिमणी बसव आणि ती कुणाची हे तिने विचारेपर्यंत सांगू नकोस. विचारेल ती. आठ वर्षांची मुलं जुन्या, खरवडलेल्या, एका डोळ्याचा रंग उडालेल्या वस्तूकडे हमखास वळतात. चिमणी तिच्या हातात द्यायची की नाही यावर तू घाबरशील. मी म्हणेन, दे, फक्त शेपटीला बोट लावू देऊ नकोस. जमिनीवर जाड गोधडी अंथर आणि दे. तुझ्या आईनेही कधीतरी ती तुझ्या हातात दिलीच होती की.

आणि गोठ्याचं काम पूर्ण तिच्याकडे सोपव. ताटात मातीचा पातळ थर, त्यावर नाचणी दाट पेरायची, वर थोडी माती, रोज पाणी शिंपडायचं. नाताळच्या आठ-दहा दिवस आधी पेरलंस तर गोठ्यापुढे हिरवंगार कुरण तयार होतं. गोव्यातल्या ख्रिश्चन घरांत पोरांना हे काम देतात आणि पोरं सकाळी उठल्याउठल्या ताट बघायला धावतात. हे झाडापेक्षाही तिच्या लक्षात राहील असं मला वाटतं, कारण रोज काहीतरी बदललेलं दिसतं आणि ते तिने केलेलं असतं. दादाच्या म्हणण्याप्रमाणे आईचं खरं काही असेल तर ते हे. मामाला कळलं तर त्यालाही बरं वाटेल, तो हयात असेल तर त्याला फोन करून चिमणी कुठल्या बंदरातून आणली ते विचारून घे. ही माणसं आहेत तोवर विचारायचं असतं.

एक गोष्ट राहिली. तू लिहिलंयस की ही तुझी सगळ्यात लख्ख आठवण आहे, आणि दादाने ती हिरावून घेतली असं तुला वाटतंय. बाबांनी तुला कधीच उचललं नव्हतं असं उद्या सिद्ध झालं तरी तू टोकावर स्टार लावलास हे कुणी नाकारत नाहीये. तुला कुणीतरी उचललं, तुझा तोल सांभाळला आणि आई खालून बघत होती. दादा म्हणतो ते खरं मानलंस तर तुझ्या वाट्याचं काही कमी होत नाही, उलट जिवंत असलेला, डिचोलीला फोन लावला की बोलणारा माणूस त्या आठवणीत येतो. बाबांना आता विचारता येत नाही. दादाला येतं.

तेव्हा या आठवड्यातच फोन कर, वहिनीला नको, थेट दादाला. ट्रंकेचं नाव काढू नकोस, झाड कुठे होतं हेही नको. आजीविषयी विचार. ती कशी होती, आईशी कशी वागायची, नाताळच्या दिवसांत घरात काय व्हायचं, आणि तो त्या खोलीत आईला काय काय मदत करायचा. तो सांगेल तेवढं ऐक, मध्ये ‘पण मला आठवतं’ म्हणू नकोस. पहिल्या फोनला तो तुटक बोलेल कदाचित, सात वर्षांनी मोठे भाऊ बोलतात तसा. चार दिवसांनी पुन्हा कर. आणि डिचोलीला जाशील तेव्हा नाचणीचं बी तिथूनच घेऊन ये, पर्वरीच्या मॉलमध्ये मिळणाऱ्या पाकिटातली पॉलिश केलेली असली तर ती रुजत नाही.